खांद्यावरचा साकव

त्या वर्षी वरच्या कोंडाने साकव घातला नाही.

साकव ही तशी काही फार मोठी गोष्ट नव्हे. ऐनाचे चार लांब सोट नदीवर आडवे टाकायचे, त्यावर बांबू अंथरायचे, काथ्याने आवळायचे आणि धरायला एका बाजूने वासा बांधायचा. दर वैशाखात घालायचा आणि दिवाळीनंतर पाणी उतरलं की सोडवून ठेवायचा. पण वरच्या कोंडाची, त्या वाडीची, घरं नदीच्या अलीकडे आणि भातजमीन सगळी पलीकडे. पालीचा रस्ता पलीकडे, दवाखाना पलीकडे, रेशनचं दुकानही पलीकडेच. नदी एकदा भरली की साकवाशिवाय शेतात पाय पडायचा नाही, आणि लावणी चुकली की वर्षाचं भात गेलं. हे कोंडातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तरी घातला नाही, कारण लोखंडी साकव येणार होता.

हा साकव घालण्याचा मान महिपतच्या घराकडे होता. आज्यापासून. मान म्हणजे त्यात मिळकत काही नाही, नुसती उस्तवार. कुठला ऐन तोडायचा, कुठल्या दिवशी टाकायचा, दोर किती ओले करायचे, हे महिपतने सांगायचं आणि कोंडाने ऐकायचं. महिपतची साठी उलटून गेली होती. मुलगा गंगाराम मुंबईला गोदीत, घरात बायको सखू आणि सून दमयंती. तिघांचं पोट पलीकडच्या दीड खंडीच्या शेतावर.

गोरा साहेब आदल्या दिवाळीत पहिल्यांदा आला. उंच इतका, की महिपतच्या पडवीत शिरताना त्याने चौकटीवर दोनदा कपाळ आपटलं आणि दोन्ही वेळा चौकटीचीच माफी मागितली. बरोबर साताऱ्याकडचा एक ओव्हरसियर होता, तो दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडे करायचा. कुठल्याशा थंड देशाने लोखंड द्यायचं कबूल केलं होतं. पण त्या लोकांचा एक नेम होता. गावाने नुसता हात पुढे करायचा नाही. दोन्ही काठांचे खांब गावाने बांधायचे, वरच्या फळ्या गावाने द्यायच्या आणि साकव नंतर गावाने सांभाळायचा.

"म्हंजे तुमचंच काम, आमी फक्त मदतीला," ओव्हरसियर म्हणाला.

साहेबाच्या नकाशात जागा वर, कोंडीपाशी दाखवली होती. तिथे नदी चिंचोळी, लोखंड कमी लागणार. महिपतने साहेबाला हाताला धरून तिथल्या कातळावर नेलं आणि डोक्यावरच्या जांभळीकडे बोट केलं. फांदीत पाल्यापाचोळ्याचा वाळका पुंजका अडकला होता.

"ह्यो गेल्या आषाढातला पूर," महिपत म्हणाला. "हितं नदी चेंगारते. चेंगारली की चढते."

साहेब त्या पुंजक्याकडे किती तरी वेळ मान वर करून बघत राहिला. त्याच्याही डोक्यावर आणखी तीन हात होता तो. मग त्याने नकाशावरची पेन्सिलीची रेघ खोडली आणि पेन्सिल महिपतपुढे धरली. महिपतने आयुष्यात पेन्सिल धरली नव्हती. त्याने नुसतं बोट टेकलं, जिथे दरवर्षी त्याचा साकव पडायचा तिथे, आणि साहेबाने त्या बोटाभोवती गोल काढला.

त्या दिवसापासून महिपत साहेबाला मानत होता. पण मानणं वेगळं आणि विसंबणं वेगळं.

हिवाळाभर कोंडाने जांभ्याचे चिरे वाहिले. बायकांनी डोक्यावरून, म्हाताऱ्यांनी पाठीवरून. शिमग्याला मुंबईवाले आले, त्यांनीही हात लावला. दोन्ही काठांना पुरुषभर उंचीचे खांब उभे राहिले. मग वैशाखात, कोंडाचा कारभार बघणाऱ्या गावकर धाकूने कोंडाला देवळापुढे बसवलं आणि सांगितलं, "औंदा साकव घालायचा न्हाय. लोकंड येतंय. दोन-दोन साकव काय नवरीला घालाचेत?"

सगळे हसले. महिपत म्हणाला, "लोकंड येऊंदे. मंग आपला सोडवू. सोडवाया काय लागतं?"

"अरे, साकव ग्येला तर तुजा मान जायल, म्हनून जीव वरखाली व्हतोय तुजा," धाकू म्हणाला, आणि लोक आणखी हसले. बोलणं लागलं, कारण त्यात थोडं खरं होतं. महिपत उठून घरी आला.

दुसऱ्या दिवशी त्याने कोयती घेतली आणि सखूला घेऊन रानात गेला. मोठे सोट तोडायला चाळीस माणूस लागतं. दोघांनी मिळून किंजळीचे मांडीएवढे वासे तेवढे तोडले, डझनभर, आणि एकेक करून खळ्यात आणून टाकले. सखू पुढचं टोक खांद्यावर घ्यायची, महिपत मागचं. वाटेत पाणवठ्यावरच्या बायका विचारायच्या, "काय गो सखू, नवा मांडव घालतंस काय? म्हाताऱ्याचं दुसरं लगीन हाय?" सखू म्हणायची, "व्हय तर. तुज्यासंगं." आणि चालू पडायची.

मे महिना संपत आला. शाळा उघडायच्या म्हणून मुंबईवाले फणस-आंबे बांधून परत गेले. आणि मृगाला आठ दिवस उरले असताना लॉरी आली. ती नदीपलीकडे, पालीच्या वाटेवरच्या तिठ्यावर थांबली. दोन लोखंडी तुळया तिने रस्त्याकडेला लोटून दिल्या आणि माघारी गेली. चाळीस फुटी तुळई, वीस मणांवर वजन. तिठ्यापासून नदी कोसभर, आणि मधे उतरणीची घाटी. उचलायला यारी, म्हणजे क्रेन, येणार होती. यारी आली नाही.

तिसऱ्या दिवशी साहेब आणि ओव्हरसियर चालत नदीवर आले. कोंड जमला. ओव्हरसियरने घसा साफ केला.

"ठेकेदाराची यारी मोडलीय. दिवाळीनंतरच म्हंत्यात आता. घाटीतनं ती उतरंल का ह्येचीबी शंकाच. साहेब म्हंत्यात, लोखंड पावसात असं टाकून ठेवता येणार नाही. खालच्या अंगाला एक गाव हाय, तिथं रस्ता जातो. तिकडं न्यावं लागंल."

सगळ्यांनी पलीकडे बघितलं. राब भाजून काळी पडलेली जमीन, बांधावरची वाळकी गवतं, प्रत्येकाचा आपापला तुकडा. ऐन तोडायला आता वेळ नव्हता आणि माणूसही नव्हतं. धाकू खाली मान घालून काडीने जमीन उकरत होता. महिपतला त्याला पुष्कळ काही बोलता आलं असतं. वैशाखापासून ते त्याच्या जिभेवर होतं. पण धाकूची ती काडी बघून त्याला बोलवेना.

तेव्हा मागून दमयंती बोलली. सासरा समोर असताना ती चारचौघांत कधी बोलत नसे. "शिमग्याला येवडी थोरली होळी आनतात रानातनं, ती काय यारीनं?"

"शिमग्याला मुंबैवाले अस्तात, बाय," धाकू वर न बघता म्हणाला. "आता कोन हाय? आमी अकरा म्हातारे."

"आमी हाव की," दमयंती म्हणाली.

सखूने सुनेकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "वासे हायत आपल्या खळ्यात," ती म्हणाली. "बारा."

साहेबाला हे सांगितलं तेव्हा त्याने डोक्याला हात लावला. ओव्हरसियर म्हणाला, "साहेब म्हंत्यात, कुणाचा पाय मोडला तर? त्यांना हे झेपायचं नाही."

महिपत म्हणाला, "त्येंना सांगा, झेपायचं हाय आमाला. त्येंनी नुस्तं बगावं."

दुसऱ्या दिवशी सूर्य वर यायच्या आत अख्खा कोंड तिठ्यावर होता. अकरा म्हातारे आणि चाळीसच्या वर बायका. कासोटे आवळलेले, खांद्यावर जुन्या लुगड्यांच्या जाड चुंबळी. महिपतने तुळई दगडांच्या उंचवट्यावर घेववली, तिच्यावर दोन-दोन हातांच्या अंतराने बारा वासे आडवे टाकले आणि ओल्या काथ्याने तुळईला खालून घेऊन बांधले. एका वाशाला चार माणसं, दोन अल्याड, दोन पल्याड. त्याने प्रत्येकीला उभं करून खांद्याची उंची बघितली. उंच पुढे, ठेंगणी मागे, कारण वाट उताराची. सखू अगदी पुढच्या वाशाला, डाव्या अंगाला. साहेब वहीत काही तरी लिहीत होता, ते त्याने थांबवलं.

सगळ्या वाकल्या. वाशाखाली खांदे गेले. महिपतने तुळईच्या टोकाशी उभं राहून श्वास घेतला. आणि चाळीस वर्षांची सवय त्याच्या तोंडातून बाहेर पडली.

"होऽलियोऽऽ!"

ही शिमग्याची हाळी. ती दिल्याशिवाय या गावात होळी, म्हणजे होळीसाठी तोडलेलं झाड, उचलत नाहीत, आणि होळीशिवाय दुसऱ्या कशाला ती देत नाहीत. होळी बायका कधी उचलत नाहीत. त्या दारात उभ्या राहतात, पुढ्यात आली की पदर पसरून पाया पडतात. महिपतच्या तोंडातून शब्द तर गेला होता. धाकूने त्याच्याकडे डोळे फाडून बघितलं. पन्नास माणसं वाकलेलीच राहिली.

सखू खालूनच म्हणाली, "दिलीस ना हाळी? आता काय बगतंस? बोला गो!"

"होलियो!" बायका म्हणाल्या, आणि तुळई उठली.

ती उठताना जो आवाज झाला तो कशाचा, हे पुढे कोणाला सांगता आलं नाही. दोर करकरले, वासे वाकले, आणि पन्नास छात्यांतून एकदम श्वास सुटला. वीस मणांचं लोखंड कमरेइतकं आलं, मग छातीइतकं, मग खांद्यावर बसलं आणि हलेना. दमयंतीच्या मानेची शीर दोरीसारखी वर आली होती. साहेब तोंड उघडं टाकून उभा होता.

आता हाळी दिली म्हणजे ती होळी झाली, आणि होळी एकदा उचलली की जागेवर नेईपर्यंत भुईला टेकवत नाहीत. हे कोणी कोणाला सांगितलं नाही. सांगायला लागतच नाही.

डांबर संपलं, लाल माती लागली. पावलं एकदमच पडत होती, उजवं, डावं, कारण एक जरी चुकलं तरी वासा शेजारणीच्या गळ्यावर जात होता. अर्ध्या तासाने साहेब पुढे धावला आणि हात हलवत ओरडायला लागला, "आराम! आराम!" तेवढा एक मराठी शब्द त्याला येत होता. बायका त्याच्याकडे बघून हसल्या आणि चालत राहिल्या. ज्या फारच थकायच्या त्यांच्या वाशाखाली मोकळी असलेली बाई शिरायची, खांद्याला खांदा लावून वजन घ्यायची, मग पहिली निसटायची. तुळई थांबत नव्हती. एका आजीने चालता-चालता सुनेच्या तोंडात गुळाचा खडा घातला. तान्ह्या पोरांना घेऊन दोघी बाजूने चालत होत्या, आणि पोर रडलं की आई वाशाखालून बाहेर यायची, वाटेकडेच्या दगडी गडग्यावर बसून पाजायची, आणि पळत येऊन परत खांदा द्यायची.

"आवो, टेका की जरा!" ओव्हरसियर महिपतला म्हणाला. "साहेब म्हंत्यात, रस्त्यात ठेवायला बंदी नाही."

"त्येंची नसंल," महिपत म्हणाला.

घाटी लागली तिथे वाट एका छोट्या ओढ्यात, पऱ्यात, उतरून पुन्हा चढते. मधे कोरडा खड्डा. पुढचे चार वासे पलीकडे चढले, मागचे अलीकडे वर, आणि मधल्या चार वाशांखालच्या बायकांचे खांदे तुळईपासून सुटले. त्या खाली उभ्या, तुळई त्यांच्या डोक्यावर वीतभर उंच. सगळा भार दोन टोकांना गेला. मागून कोणी तरी कण्हलं. पुढे सखूचे गुडघे वाकायला लागले.

महिपतने इकडे-तिकडे बघितलं. उंच माणूस हवं होतं. त्याने साहेबाचा दंड धरला, ओढत नेला आणि खड्ड्यात उभा केला. "हितं! खांदा!" साहेबाला भाषा कळली नाही, पण खांदा कळला. वासा त्याच्या त्या ताडमाड खांद्यावर बरोबर बसला. त्याच्या समोरच्या टोकाला ओव्हरसियर कडेच्या दगडांवर पाय देत शिरला. साहेबाचा गोरा चेहरा आधी गुलाबी झाला, मग लाल, मग जांभळा. तो एक-एक पाऊल टाकत राहिला. त्याच्या मागे खड्ड्यातून चालणारी दमयंती नंतर म्हणाली, त्याच्या तोंडून काही तरी पुटपुटणं चाललं होतं, देवाचं नाव असावं. मधले वासे चढावर लागले तेव्हा बायकांनी पुन्हा खांदे दिले आणि त्याला बाहेर काढलं, कारण सपाटीवर तो राहिला असता तर सगळं ओझं एकट्याच्याच खांद्यावर गेलं असतं. पुढे जिथे-जिथे खड्डा आला तिथे बायकाच ओरडायच्या, "सायबाला घ्या!" आणि तो पळत यायचा. त्याच्या सदऱ्याच्या खांद्यावर रक्त आलं होतं. ते त्याने बघितलंही नाही.

तुळई नदीवर पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. ती भुईला न टेकता सरळ खांबावरच ठेवली. खांद्यावरून वजन गेलं तशा बायका उभ्याच राहिल्या. हात खाली सोडायचं त्यांना सुचेना. सखूच्या डाव्या खांद्याची कातडी सोलून चुंबळीला चिकटली होती. तिने ती हळूच सोडवली आणि पदर ओढून घेतला.

आता पुढचं काम महिपतचं होतं. लांब सोट नदीवर टाकायची त्याची जी रीत, तीच त्याने लोखंडाला लावली. नदीत मध्यावर दोन वाशांची कैची रोवली, तिच्या बेचक्यात गोल ओंडका ठेवला आणि अलीकडच्या काठावरून चाळीस जणींनी दोर ओढला. तुळई ओंडक्यावरून घसरत, डुलत, हळूहळू पुढे आली आणि अलीकडच्या खांबावर इतक्या अलगद बसली, की ओव्हरसियरने टोपी काढली. साहेब नदीत उतरून कैचीचे पाय चाचपून बघत होता. मग त्याने वहीत तिचं चित्र काढलं आणि महिपतला दाखवून डोळ्यांनी विचारलं, बरोबर आहे का. महिपतने एका वाशाचा कल बोटाने दाखवला. साहेबाने खोडून पुन्हा काढला.

दुसऱ्या दिवशी दुसरी तुळई. ती अर्ध्यावर आली असताना नदीचं पाणी एकाएकी गढूळ झालं. वर घाटात पाऊस पडला होता. बघता-बघता ते गुडघ्यावरून कमरेला आलं आणि कैची हलायला लागली. महिपत कैचीपाशीच उभा होता. त्याने एका पायाला मिठी मारली. दुसरा पाय सुटणार तोच काठावरून धाकू धपकन पाण्यात पडला. उडी मारली की घसरला कोण जाणे. त्याने तो पाय छातीशी धरला.

"ओढा गो!" धाकू ओरडला. "म्हातारा मरल न्हायतर!"

"आनि तू?" महिपत म्हणाला.

"मीबी म्हाताराच हाय की रं!"

बायकांनी दोर ओढला. छातीइतक्या पाण्यात दोघे म्हातारे एका कैचीला धरून उभे, आणि त्यांच्या डोक्यावरून वीस मणांचं लोखंड सरकत चाललं होतं. ते पलीकडून अलीकडे बसलं. मग दोघांना दोराने काठावर घेतलं. धाकू कातळावर पडून खोकत होता. "सोट तोडून ठेवले असते तर बरं झालं असतं," तो मधेच म्हणाला. महिपतने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

ओव्हरसियरच्या फिटरांनी दोन दिवसांत फळ्या ठोकल्या. बैल तर पाणी उतरल्याबरोबर पलीकडच्या गोठ्यात नेऊन बांधले होते, कारण आता साकवाची चिंता नव्हती. आणि मृग लागला तसा पाऊस कोसळला. रात्रभर पडला. सकाळी नदी दोन्ही काठांना लागून लाल वाहत होती, आणि तिच्यावर साकव असा निश्चल, की बघणाऱ्याला हात जोडावेसे वाटत होते.

तिथेच घोळ झाला. लोकांनी हात जोडले, आणि पाय कोणी टाकला नाही.

कोंड इरली-घोंगड्या घेऊन काठावर जमला. कोंडातच मुक्कामाला असलेला साहेबही आला. ओव्हरसियर म्हणाला, "चला, जा की! तुमचाच हाय."

कोणी हललं नाही. धाकूनेच शेवटी सांगितलं, "होळी म्हनून आनलीय ती. हाळी झालीय. भुईला सुदा टेकवली न्हाय. होळीला पाय कसा लावाचा?"

"अवो, पाय लोखंडाला कुठं लागतोय? फळ्या हायत वर!"

"पालखीवर शाल घातली म्हनून कोन पालखीत पाय ठेवतो काय?"

ओव्हरसियरने हे साहेबाला सांगितलं. त्याला दोनदा सांगावं लागलं. साहेब रागावला नाही. तो छत्री मिटून गडग्यावर बसला आणि भिजत राहिला.

दोन दिवस गेले. नदी उतरेना. पलीकडे गोठ्यात बैल हंबरत होते. पहिल्या दिवशी भुकेने जोरात, दुसऱ्या दिवशी बारीक. ते ऐकू येऊ नये म्हणून दमयंती जातं ओढत बसली. पेरण्या खोळंबल्या होत्या. घरोघर एकच बोलणं, महिपतने हाळी दिली. ज्याने कोंड हसत असताना वासे तोडले त्याच्यावरच हे आलं. महिपत पडवीत भिंतीकडे तोंड करून बसला होता. पेज पुढे ठेवली तरी त्याने हात लावला नाही.

"माजी चूक," तो म्हणाला. "जिभेनं घात क्येला. मी पवत जातो. बैलांना चारा तरी टाकतो."

"ह्या पान्यात?" सखू म्हणाली.

"मंग काय करू?"

सखू उठली. तिने पावसाळी लुगडं नेसलं, वैरणीचा भारा बांधला, डोक्यावर घेतला आणि बाहेर पडली. महिपत तिच्यामागे धावला. दमयंती त्याच्यामागे. एकेका घरातून माणसं बाहेर आली आणि चिखल तुडवत नदीवर गेली. साहेब होताच गडग्यावर.

साकवाच्या तोंडाशी सखू थांबली. धाकू पुढे झाला. "सखू, थांब. देवाला इचारू आधी."

सखूने भारा खाली ठेवला. मग सगळ्यांसमोर तिने डाव्या खांद्यावरचा पदर बाजूला केला. जखम अजून ओली होती, वीतभर, कडा निळ्या पडलेल्या.

"कदी बायकांनी होळी उचलली हाय ह्या गावात?" तिने विचारलं. "न्हाय ना? मंग त्या दिशी कोन बोल्लं न्हाय, बायकांचा खांदा चालत न्हाय म्हनून. धाकूभावजी, तुमीबी न्हाय बोल्लात. आमचा खांदा चालला. आता पाय कसा चालत न्हाय?"

धाकू वाटेतून बाजूला झाला. बायकांत कुणाचा तरी हात आपोआप आपल्या खांद्याकडे गेला. मग दुसरीचा.

सखू वाकली. पहिल्या फळीखालून तुळईचं टोक दिसत होतं, त्याला तिने कपाळ लावलं. ओल्या लोखंडाचा गंज तिच्या कुंकवाला लागला. तिने भारा उचलला आणि साकवावर पाय ठेवला. खाली नदी गर्जत होती. ती ना डावीकडे बघत, ना उजवीकडे, शेताकडे जाते तशी चालत गेली आणि पलीकडे पोचली. गोठ्यातून बैलांनी तिचा वास ओळखला. त्यांचा आवाज अलीकडे ऐकू आला आणि दमयंतीला रडू फुटलं.

दमयंती वाकली, कपाळ लावलं आणि गेली. मग एकेक बाई. मग म्हातारे. धाकू गेला तो टोपी काढून. प्रत्येकाने आधी कपाळ टेकलं. त्या पावसात, त्या लाल पाण्यावरून, माणसामागून माणूस असं पलीकडे जाताना बघणाऱ्या महिपतला वाटलं, आपण इतके साकव घातले, पण असं कधी बघितलं नाही.

अलीकडे तो आणि साहेब असे दोघेच उरले. ओव्हरसियरही गेला होता. साहेब बूट काढून हातात घेऊन मागे उभा होता. त्याचे पांढरे पाय चिखलात रुतले होते. पुढे यावं की नाही, हे त्याला कळत नव्हतं. हे यांचं काही तरी आहे आणि आपण त्यात नाही, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

महिपत माघारी वळला. त्याने साहेबाच्या खांद्यावर, जिथे वाशाने सोललं होतं तिथे, हात ठेवला.

"तूबी व्हतास की खाली," तो म्हणाला. "चल."

साहेबाला शब्द कळले नसतील. पण तो वाकला. त्याला पुष्कळच वाकावं लागलं. महिपत त्याचं कपाळ लोखंडाला लागेपर्यंत थांबला, आणि मग त्याच्यामागून चालायला लागला.